जाणकाराची फी कोण देतो?

न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीतून एका बँकरने जॅक्सन पोलॉकचे म्हणून एक चित्र २० लाख डॉलरला घेतले, पण घेताना एक अट घातली. इंटरनॅशनल फाउंडेशन फॉर आर्ट रिसर्च या ना-नफा संस्थेकडून चित्र तपासून घ्यायचे, आणि तिने मान्यता दिली नाही तर पैसे परत. २००३ मध्ये संस्थेचा अहवाल आला. चित्राच्या मालकीची जी हकीकत सांगितली गेली होती ती पटण्याजोगी नाही आणि हे पोलॉकचे काम म्हणून आम्ही स्वीकारू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. गॅलरीने पैसे परत केले. मग तिने चित्रे विकणे थांबवले का? नाही. ज्या बाईने ते चित्र आणले होते तिनेच आणलेली तशीच चित्रे पुढे आठ वर्षे विकली जात राहिली. बदलली ती फक्त हकीकत. अहवालाने ज्या माणसाच्या नावावर शंका घेतली होती ते नाव गळाले आणि मध्यस्थ म्हणून दुसरे आले.

२०११ मध्ये नोडलर बंद पडली तेव्हा तिचे वय १६५ वर्षे होते. रॉथ्को, पोलॉक, मदरवेल म्हणून विकलेली ती चित्रे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराने रंगवली होती, आणि सगळा मामला सुमारे ८ कोटी डॉलरचा होता. एक ‘रॉथ्को’ गॅलरीने साडेनऊ लाख डॉलरला घेऊन ८३ लाखांना विकला. घेणारे दोमेनिको द सोले पुढे सदबीज या लिलावगृहाचेच अध्यक्ष झाले, म्हणजे बाजार न कळणारा माणूस फसला असेही म्हणता येत नाही. २०१६ मध्ये त्यांचा खटला उभा राहिला तेव्हा एक मजेदार कागद पुढे आला: हे चित्र कोणकोणत्या विद्वानांनी ‘पाहिले आहे’ त्यांची यादी. साक्षीला आलेल्या विद्वानांनी सांगितले, पाहिले असेल, पण खरे आहे असे आम्ही म्हणालो नव्हतो.

कलाबाजारातल्या स्वतंत्र सल्ल्याबद्दल जे काही बोलायचे ते या दोन कागदांच्या मधल्या जागेत बसते. एक कागद विकत घेणाऱ्याने पैसे मोजून, उत्तर काय येईल याची हमी न मागता मिळवला होता. दुसरा विकणाऱ्याने जमवला होता. दोन्हींत जाणकार होते, विद्वत्ता होती. फरक जाणकारीचा नव्हताच.

हा प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन रेनेसाँ चित्रांवर बर्नार्ड बेरेन्सन यांचा शब्द अखेरचा मानला जाई. फ्लॉरेन्सजवळच्या आपल्या बंगल्यात बसून ते एखाद्या मॅडोनाला चित्रकार मिळवून देत आणि अमेरिकेतले कोट्यधीश तेवढ्यावर चेक फाडत. या कोट्यधीशांना चित्रे विकणारे जोसेफ ड्युवीन यांच्याशी बेरेन्सनचा १९१२ पासून गुप्त करार होता, आणि त्यांना नफ्यात वाटा मिळत होता, हे मात्र त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. बेरेन्सनची नजर तेज होती याबद्दल आजही फारसे दुमत नाही. पण एखाद्या संशयास्पद चित्राबाबत ते कोणत्या बाजूला झुकले आणि का, हे ठरवताना आजच्या अभ्यासकाला त्यांच्या मतासोबत हिशेबाची वहीही चाळावी लागते.

ड्युवीन यांनी स्वतः विरुद्ध बाजूचा अनुभवही घेतला. १९२० मध्ये एका पत्रकाराने विचारले म्हणून ते बोलून गेले की, अमेरिकेतल्या हान दांपत्याकडचे लिओनार्दोचे म्हणवले जाणारे चित्र नक्कल आहे. हान बाईंनी दावा लावला, तो अनेक वर्षे चालला आणि शेवटी ड्युवीन यांनी ६० हजार डॉलर देऊन तडजोड केली. तेच चित्र २०१० मध्ये सदबीजमध्ये विकले गेले ते लिओनार्दोच्या अनुयायाचे म्हणून. मत बरोबर होते आणि तरी ते महागात पडले. पुढच्या शंभर वर्षांत तज्ज्ञांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला: तोंड उघडू नये.

अँडी वॉरहॉल यांच्या वारशाची देखभाल करणाऱ्या फाउंडेशनने एक प्रमाणन मंडळ नेमले होते. ते चित्र तपासे आणि नापसंत पडले तर मागच्या बाजूला ‘डिनाइड’ असा शिक्का मारी. शिक्का बसलेल्या एका चित्राच्या मालकाने दावा लावला. फाउंडेशन हरले नाही, पण वकिलांवर सुमारे ७० लाख डॉलर गेले. २०११ मध्ये मंडळ गुंडाळण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी कीथ हॅरिंग फाउंडेशननेही प्रमाणन थांबवले. आता गंमत पाहा. किमती चढत गेल्या तसा खरेपणाचा प्रश्न जास्त पैशांचा झाला, आणि नेमका तेव्हाच ज्यांना उत्तर माहीत असण्याची सर्वाधिक शक्यता तेच गप्प बसले. मोकळी जागा भरायला विकणारेच पुढे आले.

युरोपातही परिस्थिती फार सोवळी नाही. मोनेच्या समग्र कृतींची सूची पॅरिसच्या विल्डेनश्टाइन घराण्याने केली, आणि हे घराणे पिढ्यान् पिढ्या चित्रांचे व्यापारी. सूचीत नसलेल्या मोनेला लिलावगृहे हात लावत नसत. जर्मनीत वोल्फगांग बेल्ट्राकी या नकलाकाराची माक्स अर्न्स्टच्या नावावरची चित्रे ज्या नामवंत विद्वानाने खरी ठरवली, त्यांना त्या विक्रीतून कमिशन मिळत असे. बेल्ट्राकी अखेर पकडला गेला तो विद्वत्तेमुळे नव्हे. १९१४ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या एका चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला, आणि १९१४ मध्ये तो रंग चित्रकारांच्या पेटीत नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या मुंबईत चित्र विकत घेणाऱ्याला सल्ला देणारी माणसे होती, पण त्यांचा तो धंदा नव्हता. नाझींच्या सावलीतून निघून आलेले तिघे इथे स्थिरावले होते: टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहिणारे रुडी फॉन लायडेन, त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आणि औषधांच्या व्यवसायातले संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. हुसेन, रझा, आरा, सूझा, गाडे यांना त्यांनी पुस्तके दाखवली, चित्रे घेतली, इतरांना घ्यायला लावली. पुढे फ्रेमा विकता विकता चित्रे विकू लागलेले केकू गांधी आले. १९६३ मध्ये त्यांची केमोल्ड गॅलरी जहांगीर कलादालनाच्या माडीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल. होमी भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी प्रदर्शनांतून थेट चित्रे निवडत. चित्राची किंमत शेकड्यांत असे, त्यामुळे मत देण्यात कुणाचा फारसा आर्थिक स्वार्थ गुंतण्याइतके पैसेच नव्हते.

या काळाबद्दल गहिवरून लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला अर्धीच पटते. पैशांपासून हे वर्तुळ स्वतंत्र होते, आवडीनिवडींपासून नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे युरोपची आधुनिकता होती. धुरंधर, हळदणकर, आबालाल रहिमान यांचे वास्तववादी काम त्यांना इतिहासजमा वाटले, आणि त्या निकालाची किंमत बॉम्बे स्कूलच्या चित्रकारांच्या घरच्यांनी पुढची अनेक दशके मोजली. माळ्यावर गेलेली जलरंगचित्रे, वाळवीने खाल्लेली तैलचित्रे. सल्लागार प्रामाणिक असूनही त्याचे मत एकांगी असू शकते, हे मुंबईच्या बाजाराने फार लवकर दाखवून दिले. फक्त ते तेव्हा कुणी मोजले नाही.

खरा बदल आला २००० नंतर. त्या वर्षी मुंबईत सॅफ्रॉनआर्ट सुरू झाले आणि इंटरनेटवर लिलाव होऊ लागले. २००२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तय्यब मेहतांचे ‘सेलिब्रेशन’ सुमारे दीड कोटी रुपयांना गेले आणि ज्यांनी आयुष्यात कधी प्रदर्शनात पाऊल ठेवले नव्हते त्यांना चित्र हे गुंतवणुकीचे साधन वाटू लागले. तीन वर्षांनी त्यांच्याच ‘महिषासुर’ने १५ लाख डॉलरचा आकडा ओलांडला. मग आर्ट फंड आले. सगळ्यांत गाजलेला ओसियान्स या संस्थेचा: २००६ मध्ये शंभर कोटींच्या वर रक्कम गोळा झाली. या प्रकरणात नंतर काय झाले, परतफेड कशी रखडली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली रचना जास्त बोलकी वाटते. चित्रांचा साठा, लिलाव, लोकांच्या पैशांचा फंड आणि आर्थिक दैनिकात छापला जाणारा कलाबाजाराचा निर्देशांक, हे सगळे एकाच छपराखाली होते. शेअर बाजारात दलाल, म्युच्युअल फंड, विश्लेषक आणि निर्देशांक काढणारा हे सगळे एकच असते तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. इथे तीन-चार वर्षे लोक तो आकडा तज्ज्ञमत म्हणून वाचत होते. २००८ च्या फेब्रुवारीत सेबीने बजावले की, असे फंड सामूहिक गुंतवणूक योजनेत मोडतात आणि त्यांनी नोंदणी केलेली नाही. त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि बाकीचा हिशेब तिने केला.

पाठोपाठ खरेखोटेपणाचे प्रश्न उघड्यावर आले. जानेवारी २००९ मध्ये रझा स्वतःच्या सुरुवातीच्या चित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करायला दिल्लीतल्या एका गॅलरीत गेले आणि भिंतींवरची बरीचशी चित्रे आपली नाहीतच, असे त्यांनी तिथेच सांगितले. प्रदर्शन आटोपते घेतले गेले. चित्रकार हयात होता, शहरात होता, त्याला आधी विचारता आले असते. कुणी विचारले नाही, कारण चित्रे ओळखीच्या माणसाकडून आली होती. दोन वर्षांनी कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली वीस चित्रे बनावट असल्याचे पुरातत्त्व सर्वेक्षणाने सांगितले. ते तर विक्रीचे ठिकाणही नव्हते. पण सरकारी कला महाविद्यालयाच्या भिंतीवर चित्र लागले की, तोही त्याच्या वंशावळीतला एक पुरावा होतो, आणि हे ज्यांना कळते ते भिंत शोधत असतात.

आज किमती कुठे आहेत? मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ क्रिस्टीजने न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकले, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. सप्टेंबरमध्ये गायतोंडे यांचे १९७० चे एक शीर्षकहीन चित्र ६७ कोटींच्या वर गेले. ‘ग्रामयात्रे’च्या किमतीत हुसेन किती आणि कागद किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. १९५४ मध्येच एका नॉर्वेस्थित डॉक्टरने ते दिल्लीत घेतले, दहा वर्षांनी ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले आणि ते तिथेच राहिले. एक मालक, एक भिंत, साठ वर्षे. हुसेन यांच्या नकलांचा सुळसुळाट असलेल्या बाजारात असे चित्र सल्लागाराची गरजच ठेवत नाही.

गायतोंडे यांची गोष्ट उलटी आहे. त्यांनी मोजकीच चित्रे केली आणि बहुतेकांना नाव दिले नाही. म्हणजे जुन्या पावतीवर किंवा यादीत ‘शीर्षकहीन, तैलरंग’ एवढेच सापडणार, फार तर माप आणि साल. अशा चित्राची ओळख पटवायला नुसती शैली जाणणारा पुरत नाही. तेव्हाची प्रदर्शने, कुणी काय घेतले, कुणाच्या दिवाणखान्यात काय होते, हे ठाऊक असणारा लागतो. मराठीत ‘चिन्ह’ या कलानियतकालिकाच्या सतीश नाईक यांनी गायतोंडे यांच्याबद्दलच्या आठवणी आणि साहित्य जमवून ग्रंथ काढला. कुणी त्याला बाजाराशी संबंधित काम म्हणणार नाही. पण सत्तर-सत्तर कोटींच्या व्यवहारांत ज्याचा तुटवडा आहे तो माल हाच.

खरेदीदाराबद्दल एवढे बोलले जाते, विकणाऱ्याबद्दल जवळजवळ नाही. त्यातही मोठा संग्राहक नव्हे. ज्याच्या आजोबांनी कधीतरी धुरंधरांकडून किंवा बेंद्रे यांच्याकडून एखादे चित्र घेतले होते तो कोल्हापूरचा, पुण्याचा, दादरचा, मडगावचा नातू. जागा विकायची आहे, वाटण्या व्हायच्या आहेत, चित्र भिंतीवरून उतरले आहे. तो कुणाला विचारतो? ओळखीतून एक फ्रेमवाला, फ्रेमवाल्याच्या ओळखीने एक ‘जाणकार’. जाणकार येतो, चित्र उलटे करून पाहतो, थोडे खराब झाले आहे म्हणतो, आणि स्वतःच घ्यायची तयारी दाखवतो. मत देणारा आणि विकत घेणारा एकच माणूस. त्यात बेकायदा काहीच नाही. सल्ला फुकट मिळाला म्हणून नातू आभारही मानतो.

लिलावगृहाकडे गेला तर स्थिती बरी, पण स्वतंत्र नव्हे. तिथले विशेषज्ञ तयारीचे असतात, बहुतेकांना आपल्या विषयाची मनापासून ओढ असते. तरी अंदाजित किंमत हे त्यांचे निदान नसते. तो विक्रीच्या आखणीचा भाग असतो. आकडा कमी ठेवला की बोली लावणारे वाढतात, जास्त ठेवला की मालकाकडून चित्र मिळवता येते. खरेपणाची हमीही अमर्याद नसते. क्रिस्टीज आणि सदबीज यांची हमी साधारण पाच वर्षांची. अटींची ती बारीक अक्षरांतली पाने वाचून समजावून सांगेल असा माणूस नातवाला हवा असतो, आणि दोन लाखांच्या जलरंगचित्रासाठी असा माणूस परवडत नाही. स्वतंत्र सल्ला आपल्याकडे उभा राहिला नाही याचे कारण लबाडी नसून बहुधा हेच साधे गणित आहे. श्रीमंतांना तो हवासा वाटत नाही आणि बाकीच्यांना झेपत नाही.

श्रीमंतांचे म्हणाल तर सल्लागार ठेवूनही सुटका होतेच असे नाही. रशियन अब्जाधीश दिमित्री रिबोलोव्हलेव्ह स्विस व्यापारी इव्ह बूव्हिए यांना आपला सल्लागार समजत होते. बूव्हिए यांचे म्हणणे, मी विक्रेता होतो. ‘साल्वातोर मुंदी’ हे चित्र बूव्हिए यांनी २०१३ मध्ये सुमारे ८ कोटी डॉलरला घेतले आणि रिबोलोव्हलेव्ह यांना १२ कोटी ७५ लाखांना दिले. दहा वर्षे अनेक देशांत खटले चालले. (तेच चित्र २०१७ मध्ये ४५ कोटींना विकले गेल्यामुळे सहानुभूती कुणाबद्दल बाळगावी हा घोटाळाच आहे.) न्यूयॉर्कच्या नामवंत सल्लागार लिसा शिफ यांना ग्राहकांचे पैसे वळवल्याबद्दल २०२५ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत कला सल्लागारांची एक संघटना आहे, सभासदांनी स्वतःचा विक्रीचा साठा ठेवायचा नाही असा तिचा नियम आहे. आपल्याकडे वकील, चार्टर्ड अकाउंटंट, एवढेच काय विमा एजंटलाही परवाना लागतो. कला सल्लागार म्हणवून घ्यायला व्हिजिटिंग कार्ड पुरते.

सार्वजनिक संस्था तरी? भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याने रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांची कामे देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे, आणि शंभर वर्षांवरच्या ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी लागते. पण पुरातत्त्व खात्याचा कागद वस्तूच्या वयाबद्दल बोलतो, कर्त्याबद्दल नाही, हे अनेक खरेदीदारांना माहीत नसते आणि विक्रेते सांगायची घाई करत नाहीत. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर नेमके ही समिती बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आले. बातम्या झाल्या त्या अडवणुकीच्या. समितीचे पुढे काय, हा मूळ मुद्दा दोन दिवसांत मागे पडला.

सध्या सगळ्यांची आशा यंत्रावर आहे. प्रयोगशाळेचे महत्त्व बेल्ट्राकीने सिद्ध केलेच आहे. मात्र प्रयोगशाळा ‘हे शक्य नाही’ एवढेच ठामपणे सांगू शकते, ‘हे त्याचेच’ असे नाही. आपल्या विसाव्या शतकातल्या चित्रकारांबाबत तर नकलाकाराला त्याच दुकानातला तोच रंग मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सांगायचे तर राफाएलचे म्हणवले जाणारे ‘द ब्रेसी तोंदो’ पुरेसे आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांतल्या संशोधकांच्या प्रणालीने त्यातला चेहरा राफाएलच्या प्रसिद्ध मॅडोनाशी ९७ टक्के जुळतो म्हटले, आणि त्याच वर्षी एका स्विस कंपनीच्या प्रणालीने ८५ टक्के शक्यतेने ते राफाएलचे नाही म्हटले. यंत्रालाही कुणीतरी खरी चित्रे कोणती हे आधी शिकवावे लागते. जामिनी रॉय यांच्यासारख्या, स्वतःच्या घरात मुलगा आणि शिष्य यांना हाताशी घेऊन चित्रे करणाऱ्या कलावंताबाबत काय शिकवणार?

त्यामुळे माझ्या मते प्रमाणपत्रे वाटणाऱ्या तज्ज्ञांपेक्षा आधी याद्या हव्यात. रझा यांच्या कामाची समग्र सूची अ‍ॅन मॅकलिन यांनी केली. पहिला खंड २०१६ मध्ये आला, दुसरा २०२२ मध्ये, आणि तो १९८९ पर्यंत पोचतो. एका चित्रकाराला एवढा वेळ लागतो. बॉम्बे स्कूलसाठी सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला दृश्यकलेचा चरित्रकोश हा पाया आहे, पण तो चित्रकारांचा कोश आहे, चित्रांची सूची नव्हे.

सूचीचा कच्चा माल मात्र मराठीत भरपूर पडला आहे, आणि मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी वळणाच्या बाजाराला तो वाचता येत नाही. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र १९४० चे. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांच्या छापील सूची आहेत. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या गोमंतकातून आलेल्या चित्रकारांची मूळ चित्रे आता विक्रीला येतात. त्यातली कित्येक कधीतरी दिवाळी अंकांवर, मासिकांवर, कॅलेंडरवर छापली गेली होती, अंकावर महिना आणि साल आहे. दलालांनी स्वतः चालवलेल्या ‘दीपावली’चे जुने अंक ग्रंथसंग्रहालयांत बांधीव स्वरूपात मिळू शकतात. एखाद्या अभ्यासकाने दोन-तीन वर्षे बसून मुखपृष्ठे, आतली चित्रे, प्रदर्शनांच्या याद्या आणि कुटुंबांकडच्या पावत्या जुळवल्या, तर दादरच्या नातवाला पुढच्या वेळी जाणकाराआधी बघायला काहीतरी असेल. या कामाला लिलावगृहाचा पैसा चालेल का, हे विचारले पाहिजे. माझे उत्तर आहे, चालेल, पण यादीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा पगार त्यातून जाऊ नये. तो विद्यापीठाने द्यावा, किंवा एखाद्या न्यासाने, आणि किती दिला ते यादीच्या पहिल्या पानावर छापावे.